राळ, लाख आणि नानीची उधारी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



‘राळ’ हा शब्द आपल्या कानावर आता बहुधा निवडणुकीच्या दिवसांतच पडतो. अमक्यानं तमक्यावर आरोपांची राळ उडवली, असं आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. पण ही राळ म्हणजे नेमकं काय, ते लहान मुलांना विचारा, सांगता येणार नाही. राळ म्हणजे झाडाचा चीक. तो वाळवायचा, कुटून त्याची पूड करायची. लळितात, सोंगांच्या खेळात राक्षस येण्याची वेळ झाली की कुणीतरी मूठभर पूड पेटत्या मशालीवर फेकायचं. भक्कन जाळ उठायचा, पुढं बसलेली पोरं आईच्या पदरात शिरायची. राळ उडवणं ते हे. उजेड क्षणाचा, धूर मात्र बराच वेळ.

गेल्या काही वर्षांत हीच राळ दुसऱ्या नावानं आपल्या घरात आली आहे. तिचं नाव रेझिन. लग्नातली वरमाला, बाळाच्या जावळाचे केस, गावाकडची माती, देवीची कवडी, असं काहीही साच्यात ठेवायचं आणि वरून काचेसारखं पातळ रेझिन ओतायचं. दुसऱ्या दिवशी ते घट्ट होतं आणि आतली वस्तू पाण्यात बुडाल्यासारखी कायमची दिसत राहते. माझ्या घरीही हा कारखाना आहे. माझी लेक २०२०च्या टाळेबंदीत मोबाइलवर बघून बघून हे शिकली. आमच्या माडीवरची पत्र्याची खोली तिनं ताब्यात घेतली. मी कविता लिहिणारा माणूस. घरात एकाचं कागदावर चालतं, दुसरीचं साच्यात. आज मी या राळेबद्दल बोलणार आहे, आणि तिच्यावरून आमच्या घरात जे झालं त्याबद्दलही.

आधी एक भेद सांगतो. डिंक वेगळा आणि राळ वेगळी. आमचा जिल्हा कोरडवाहू. माझ्या जन्माच्या दाखल्यावर त्याचं नाव उस्मानाबाद आहे, २०२३पासून सरकारी कागदावर धाराशिव आहे. पण बाभळी त्याच आहेत. लहानपणी आम्ही बाभळीचा डिंक काढायचो, पाण्यात भिजवायचो आणि पतंग चिकटवायचो. डिंक पाण्यात विरघळतो. राळ पाण्याला दाद देत नाही. ती विरघळते स्पिरिटात, तेलात, आणि मऊ होते ती विस्तवावर. झाडाला जखम झाली की ते हा चीक सोडतं, जखम बुजवतं, किडीला आत येऊ देत नाही. म्हणजे राळ ही मुळात झाडाची मलमपट्टी आहे.

आपण ती रोज वापरतो, फक्त नाव घेत नाही. गुरुवारी संध्याकाळी आमच्या ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्यात लोबान जाळतात. लोबान ही राळ. देवघरातला गुग्गुळ ही राळ. फोडणीतला हिंग म्हणजे डिंक आणि राळ यांचं एकत्र कुटुंब. मोहरमच्या सवारीपुढं आमच्याकडं हिंदू-मुसलमान दोघंही ऊद घालतात. त्या धुरात कोण कुणाचं, हे ओळखू येत नाही. माझ्या अब्बांच्या हातात कहरुब्याची तसबीह असायची. कहरुबा म्हणजे लाखो वर्षं जमिनीत राहून दगड झालेली राळ. फारसीत त्याचा अर्थ ‘काडी ओढून घेणारा’, कारण तो लोकरीवर घासला की गवताची काडी त्याला येऊन चिकटते. अब्बांची तसबीह खरी की खोटी, यावर घरात वाद होता. शेवटी कुणीतरी उपाय सांगितला. भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात मणी टाकायचा. खरा कहरुबा तरंगतो, बॅकेलाइटचा मणी बुडतो. आमचा बुडाला. अब्बा म्हणाले, “मणी खोटा असंल, मोजलेलं खोटं नाही.” आणि तीच तसबीह शेवटपर्यंत वापरली.

या बॅकेलाइटचीही गंमत आहे. तीही राळच, पण कारखान्यात केलेली. लिओ बेकलंड नावाचा बेल्जियममध्ये जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत लाखेला पर्याय शोधत होता. १९०७ साली त्याच्या हाती हे लागलं. पुढं विजेची बटणं, टेलिफोन आणि तुमच्या-माझ्या घरातल्या जुन्या रेडिओचे डबे या बॅकेलाइटचे झाले. आणि त्या रेडिओवर ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या वाजायच्या, त्या होत्या लाखेच्या. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी एकत्र करून त्या दाबून काढत. म्हणजे गाणं लाखेत कोरलेलं आणि रेडिओचा डबा तिच्या धाकट्या बहिणीचा. आज आपण ज्याला मिश्र माध्यम म्हणतो, ते आपल्या घरात केव्हाच येऊन बसलं होतं.

आता लाखेकडं येतो, कारण माझा खरा संबंध तिच्याशी आहे. लाख झाडाची नाही, किड्याची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांदीवर हे बारीक किडे हजारोंनी बसतात, रस पितात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. असंख्य किडे, म्हणून नाव लाख, असं सांगतात. लाक्षागृहाची गोष्ट तर आपल्याला ठाऊकच आहे. आमच्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापारावर पुस्तक लिहिलं, त्यात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं गाव म्हणून तगरचा उल्लेख आहे. त्याच पुस्तकात हिंदुस्थानातून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मालाच्या यादीत कापडाबरोबर रंगीत लाख आहे. दोन हजार वर्षांचा हा व्यापार. इंग्रजांनी तर १९२४ साली रांचीजवळ नामकुमला लाखेच्या संशोधनाची खास संस्थाच काढली.

माझी नानी मनियार घरातली. सास्तूरला राहायची. सास्तूर आता लोहारा तालुक्यात आहे, तेव्हा उमरग्यात होतं. यात्रेत, बाजारात तिची पाल असायची. काचेच्या बांगड्या ती विकत आणायची, पण लाखेच्या स्वतः करायची. तिचं माहेर हैदराबादकडचं, चारमिनारजवळच्या लाड बाजारात तिच्या घरच्यांनी हे काम केलेलं. आमचा जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं लग्नाचे जोडे हैदराबादहून आणायची रीत आमच्याकडं पुढंही बरीच वर्षं टिकली. लाड बाजारच्या लाखेच्या बांगड्यांना अलीकडं, २०२४ साली, भौगोलिक मानांकन मिळालं. नानीला हा शब्द समजला नसता, पण ती खूश झाली असती.

तिचं काम मी शेगडीपुढं बसून पाहिलेलं आहे. कोळशाच्या धगीवर लाखेचा गोळा मऊ करायचा. त्यात दगडाची बारीक पूड मिसळायची, मळायचा आणि फळीवर लाटून त्याची लांब वळी करायची. वळीला रंगीत लाखेची कांडी घासून रंग चढवायचा. मग हाताच्या मापाचा तुकडा तोडायचा, दोन्ही टोकं गरम करून जोडायची, निमुळत्या लाकडी दांड्यावर चढवून गोल करायची. आणि ती गरम असतानाच आरशाचे तुकडे, मणी, बेगड बोटांनी दाबून बसवायची. सगळं चटक्यात. थंड झाली की बसत नाही, फार तापली की लाख जळते, रबरासारखी होते आणि पुन्हा कधी वितळत नाही. नानी म्हणायची, “लाख को डराना, मारना नक्को.” लाखेला घाबरवायचं, मारायचं नाही.

पण नीट सांभाळली तर लाखेसारखी क्षमाशील वस्तू नाही. बांगडी चिरली, बाई पालीत घेऊन यायची. आता आपल्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. नानी ती धगीवर धरायची, चीर मऊ व्हायची, वरून लाखेची कांडी टेकवून अंगठ्यानं दाबायची. बांगडी पुन्हा हातात. त्याचे ती पैसे घ्यायची नाही. हीच लाख सावंतवाडीला लाकडी खेळण्यांवर चढते, गंजिफाच्या पानांवर रंगाचं रक्षण करते. आणि आमच्या उमरग्याला लागून जो बिदर जिल्हा आहे, तिथल्या बिदरी कामात राळ लागते ती पडद्यामागं. जस्ताची वस्तू ओतण्यासाठी जो मातीचा साचा करतात, त्या मातीत एरंडेल आणि राळ मिसळतात. कोरताना वस्तू हलू नये म्हणून ती राळेच्या मिश्रणात घट्ट बसवतात. काम झालं की राळ तापवून वस्तू सोडवून घेतात. चांदीची वेलबुट्टी सगळे बघतात, तिला धरून बसलेली राळ कुणाला दिसत नाही. बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मला त्या चांदीबरोबर ही राळही आठवली.

आता नवी राळ. माझी लेक वापरते ती एपॉक्सी. १९३०-४०च्या दशकांत स्वित्झर्लंडचे पिएर कास्तान आणि अमेरिकेचे सिल्व्हन ग्रीनली यांनी ती स्वतंत्रपणे घडवली. आपण तिला आधी ओळखलं ते अॅरल्डाइट म्हणून, दोन नळ्या पिळून काडीनं कालवतो ते. कलेतलं रेझिन त्याच कुळातलं. एका बाटलीत राळ, दुसरीत तिला घट्ट करणारं द्रव्य. दोन्ही सांगितलेल्या मापानं घ्यायची, मापात चूक झाली की वस्तू जन्मभर चिकट राहते. सावकाश ढवळायचं, नाहीतर बुडबुडे येतात. जाड थर एकदम ओतला की आतल्या आत तापतो, कधी धूर निघतो, तडा जातो. पावसाळ्यात दमट हवेनं वर पांढुरका पडदा येतो. हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी, कारण कच्चं रेझिन अंगाला लागत राहिलं तर खाज सुटते आणि एकदा ती सवय अंगाला लागली की सुटत नाही. दुसऱ्या दिवशी हाताला घट्ट लागतं, पण पूर्ण पक्कं व्हायला तीन दिवस, कधी आठवडा.

आणि आत जे ठेवायचं ते कोरडं ठक्क हवं. ताजं फूल ठेवलं तर काळं पडतं. माती तव्यावर भाजून घ्यावी लागते. कागदाला आधी दोन्ही बाजूंनी पातळ फेव्हिकॉलचे हात देऊन वाळवावं लागतं. का, ते पुढं सांगतो.

लाखेत आणि हिच्यात मोठा फरक एकच. एपॉक्सी एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. आमच्या मे महिन्यातल्या पत्र्याखाली ती थोडी नरमते, वाकते, पण पातळ होत नाही. जाळली तर जळेल, खरवडली तर भुगा होईल, पण पहिल्यासारखी होणार नाही. आणि लोकांना वाटतं तशी ती अमरही नाही. उन्हात ठेवली की काही वर्षांत पिवळी पडते.

श्रोतेहो, आता घरातली गोष्ट.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मी तेव्हा नुकताच बी. ए. झालो होतो. आम्ही उस्मानाबादेत भांड्यांच्या आवाजानं उठलो आणि बाहेर पळालो. किल्लारीचं नाव सकाळी कळलं, सास्तूरचं त्यानंतर. मी आणि मामू मिळेल त्या वाहनानं गेलो. तिथं गाव नव्हतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यावर मातीची माळवदं, सगळं खाली बसलं होतं. मग पाऊस सुरू झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. त्यात माझी नानी होती. जास्त सांगत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही.

चौथ्या दिवशी ढिगाऱ्यातून तिची पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात लाखेची एक लाल बांगडी, चिरलेली, आणि घडी घातलेला एक कागद. कागदावर पेन्सिलीच्या काड्या आणि गोळे. तिची उधारी. नानीला अक्षर येत नव्हतं. बांगड्या उधारीवर द्यायच्या आणि सुगीला ज्वारी घ्यायची, असा तिचा हिशेब. कुणाचं काय, ते तिचं तिलाच ठाऊक.

पेटी अम्मीनं घेतली. नंतर आमच्या वस्तीत साक्षरतेचा वर्ग निघाला. अम्मी रात्री जेवणं आटोपून पाटी घेऊन जायची. आम्हा पोरांना हसू यायचं. दोन-तीन महिन्यांनी तिला अक्षरं जुळवता यायला लागली, तेव्हा तिनं तो कागद काढला आणि त्याच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं दोन नावं मराठीत लिहिली. वर आपल्या आईचं, खाली स्वतःचं. वेलांट्या चुकलेल्या. तेवढं लिहून कागद पुन्हा पेटीत. आयुष्यात तिनं दुसरं काही लिहून ठेवल्याचं मला आठवत नाही. माझे दोन कवितासंग्रह तिनं हातात घेतले, पुसले आणि कपाटात ठेवले.

२०२१च्या मे महिन्यात अम्मी गेली. पुढच्या वर्षी बरसीला लेक म्हणाली, “अब्बा, दादीची एक चौकट करू.” मला पटलं. सास्तूरच्या जुन्या गावठाणातली काळी माती आणली, भाजली. भिंतीतल्या दगडाची कपची, अम्मीच्या ओढणीची किनार, हिरव्या काचेचे तुकडे. आणि मधोमध तो कागद, अम्मीची अक्षरं वर करून. लेक म्हणाली, “कागदाला दोन दिवस द्या. दोन्हीकडून हात मारून वाळवते.” मी म्हणालो, “परवा पाहुणे येणार, आज ओत.” ती नको म्हणत होती. मी बाप आहे, मी आवाज चढवला. तिनं ओतलं.

अर्ध्या तासात कागदानं रेझिन पिऊन घेतलं. तेलात पडलेल्या कागदासारखा तो आरपार झाला. आतून बुडबुडे निघाले. आणि अम्मीच्या अक्षरांमधून मागच्या बाजूच्या काड्या आणि गोळे वर दिसू लागले. अक्षर कुठलं आणि काडी कुठली, कळेना. मी लेकीला नको ते बोललो. ती खाली मान घालून साच्याजवळ बसली, मोज्यांसकट. चूक कुणाची होती, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बोलण्याचा हक्क मात्र मी घेतला.

बरसीला चौकट भिंतीला लावायची नाही, असं मी ठरवलं होतं. पण लेकीनं ती कोपऱ्यात उभी करून ठेवली. जेवणं झाल्यावर माझी खाला, म्हणजे अम्मीची धाकटी बहीण, ऐंशीच्या घरातली, तिथं जाऊन बसली. चष्मा लावला, बराच वेळ बघत राहिली. मग बोट ठेवून म्हणाली, “ये पाटील के घर का.”

आम्ही सगळे गप्प.

तिला ते वाचता येत होतं. लहानपणी ती नानीबरोबर पालीत बसायची. गोळा म्हणजे डझन, अर्धा गोळा म्हणजे अर्धा डझन, काडी म्हणजे एक पायली ज्वारी. आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक खूण होती, जी आम्ही इतकी वर्षं रेघोट्या समजत होतो. विहीर म्हणजे पाटलाचं घर, कारण दारात विहीर. त्रिकोण म्हणजे देवळाजवळची गुरवीण. दोन रेघा म्हणजे रस्त्याकडेची सुतारीण. वर्तुळात टिंब म्हणजे हलगी वाजवणाऱ्याची बायको. गौरी-गणपतीच्या बांगड्या होत्या त्या. भाद्रपदात भरलेल्या, आणि ज्वारी यायची होती माघ-फाल्गुनात. ती सुगी त्या घरांपैकी किती घरांनी पाहिली? खालानं एकेक खूण दाखवत सांगितलं. ही वाचली, नव्या गावठाणात गेली. ही गेली. ही गेली, दोन लेकरांसकट. ही वाचली, पण नंतर पुण्याला गेली म्हणतात. अकरा ओळी होत्या. शेवटी तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, “अम्मा का किसी पर कुछ बाकी नहीं. मैं माफ करती.”

मी तेव्हाच वही काढली आणि सगळं लिहून घेतलं. कुठली खूण, कुणाचं घर, किती बांगड्या. एकोणतीस वर्षं तो कागद आमच्या पेटीत होता. मी स्वतःला लिहिणारा म्हणवतो आणि मी तो कधी उलटून पाहिला नव्हता. मला तो वाचण्याजोगा वाटलाच नव्हता. अम्मीचं अक्षर तेवढं लिखाण, नानीच्या त्या रेघोट्या, असा माझा समज. ती राळ कागदात मुरली नसती तर नानीची बाजू कायमची खाली गेली असती, आणि खालाबरोबर ते वाचनही गेलं असतं.

म्हणून चूक चांगली झाली, असं मी म्हणणार नाही. कागद गेलाच. त्याची घडी आता उघडता येत नाही, त्याचा वास येत नाही, अम्मीची अक्षरं पूर्वीसारखी स्पष्ट दिसत नाहीत. ती चौकट हळूहळू पिवळी होणार आहे. आम्ही ती उन्हापासून दूर, आतल्या खोलीत लावली आहे. लेकीची माफी मागायला मला चार दिवस लागले. ती म्हणाली, “अब्बा, पुढच्या वेळी दोन दिवस द्या.” बस, एवढंच.

पुढची वेळ लवकर आली. राहिली होती ती लाल बांगडी. लेकीचा विचार, तिचीही एक छोटी चौकट करू, या वेळी सगळं नीट, घाई न करता. तिचं काम आता इतकं सफाईदार झालं आहे की बांगडी सुंदर दिसली असती यात शंका नाही. मी दोन दिवस विचार केला आणि नको म्हणालो. कागद कागदच होता, त्याचं काम संपलं होतं. बांगडीचं काम संपलं नव्हतं. ती हातात घालायची वस्तू आहे. आणि ती लाखेची आहे, म्हणजे दुरुस्त होणारी.

आता लाखेचं काम जाणणारा माणूस शोधणं सोपं नाही. बाजारात लाखेच्या म्हणून विकतात त्यांतल्या कितीतरी प्लॅस्टिकच्या निघतात. शेवटी एक म्हातारे मनियार भेटले. त्यांनी बांगडी हातात घेतली, नखानं टोकरली, वास घेतला आणि म्हणाले, “असली आहे.” कोळसे पेटवले. चीर धगीवर धरली, नानी धरायची तशी, जवळ नेऊन मागं घेत, जवळ नेऊन मागं घेत. लाखेची कांडी टेकवली, अंगठ्यानं दाबली. दहा मिनिटांचं काम. त्यांच्याकडचा लाल रंग जरा गडद होता, त्यामुळं सांधा दिसतो. पैसे विचारले तर म्हणाले, “जोडायचे कसले पैसे?”

२०२३च्या डिसेंबरात लेकीचा निकाह झाला. त्या दिवशी ती बांगडी तिच्या हातात होती. अजूनही सणावाराला ती घालते. मध्यंतरी एक आरसा पडला तिचा. मी म्हणालो, सांभाळून. ती म्हणाली, पडला तर दुसरा बसवू.

मला रेझिनबद्दल तक्रार नाही. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुली माडीवर, ओसरीवर हे काम करून चार पैसे मिळवतात, आणि कल्पकतेनं करतात. वरमाला जपाविशी वाटणं यात वावगं काय? फक्त माझ्यासारखी घाई करू नका. ओतण्याआधी ती वस्तू एकदा उलटी करून पाहा. घरात जे सगळ्यात म्हातारं माणूस असेल त्याच्या हातात ती द्या आणि विचारा, हे काय आहे? ते जे सांगेल ते साध्या वहीत लिहून घ्या, कारण राळ वस्तू धरून ठेवते, गोष्ट धरून ठेवत नाही. आणि ज्या वस्तूचं अजून काही काम बाकी असेल, ती राळेत घालू नका. तिला हात लागू द्या, चिरू द्या, जोडू द्या.

मी लिहून घेतलेल्या त्या अकरा ओळींची एक प्रत मी सास्तूरला नव्या गावठाणात नेऊन दिली. ज्यांची घरं त्यात आहेत त्यांपैकी एक बाई अजून तिथं आहेत. त्यांना सगळं आठवत होतं. दीड डझन हिरव्या, त्या म्हणाल्या, गौरीला भरल्या होत्या. मग आत गेल्या आणि ओंजळभर ज्वारी घेऊन आल्या. मी नको म्हणालो नाही.